साल, काढा आणि कर्करोगाचा दावा

दर दोन-तीन महिन्यांनी खान्देशातल्या कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक कात्रण फिरतं. अमुक झाडाच्या सालीत कर्करोगाच्या पेशी मारणारं द्रव्य सापडलं, तमुक प्रयोगशाळेत पेशी चोवीस तासांत मेल्या. झाड बहुतेक वेळा आपल्या ओळखीचंच असतं: नाल्याकाठचा अर्जुन, बांधावरची बाभूळ, जांभूळ, हिरडा, बेहडा, सातपुड्यातला धावडा, नाहीतर डाळिंबाचं टरफल. आणि त्यातलं द्रव्य नीट वाचलं तर तेही पुष्कळदा एकाच घराण्यातलं निघतं, ते म्हणजे टॅनिन, साली-फळांना तुरटपणा देणारं द्रव्य. बातमी खोटी नसते. पेशी खरोखर मेलेल्या असतात. तरीही ती अशा रीतीने छापणं आणि पसरवणं थांबलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. ते थांबवण्याची पहिली जबाबदारी मी पेपरवाल्यांवर टाकत नाही. ती आम्हा शिकवणाऱ्या, संशोधन करणाऱ्या मंडळींची आणि आमच्या संस्थांची आहे.

टॅनिन काय करतं ते पुस्तक न उघडताही कळतं. रावेर, यावल, सावदा, फैजपूरकडे केळीची कापणी करणाऱ्या मजुराचा सदरा बघा. खांद्यापासून कमरेपर्यंत काळपट तपकिरी डाग. घड तोडला की दांड्यातून पाण्यासारखा चीक गळतो, तेव्हा त्याला धड रंगही नसतो. हवा लागली की तो काळवंडतो, धाग्यात मुरतो, आणि मग साबण, सोडा काहीही घासा, हटत नाही. म्हणून कापणीचे कपडे वेगळे ठेवतात. या चिकात टॅनिन आणि त्याची भावंडं असतात. कच्चं केळं चावलं की जीभ आखडते तीही त्यांच्यामुळेच. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतं, तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा जातो आणि आपण म्हणतो तुरट लागलं. केळं पिकतं तेव्हा टॅनिनचे रेणू एकमेकांत गुंतून इतके मोठे होतात की लाळेला धरण्याजोगे उरत नाहीत.

वर्गात मी हेच हिरड्यावर दाखवतो. हिरड्याच्या टरफलात वजनाच्या पाव ते एक तृतीयांश टॅनिन असतं. त्याचा काढा गाळून घ्यायचा आणि मीठ घातलेलं जिलेटिनचं पाणी त्यात सोडायचं. बघता बघता पांढुरका साका गोळा होऊन नळीच्या तळाशी बसतो. दुसऱ्या नळीत लोहाच्या क्षाराचे दोन थेंब टाकले की काढा निळा-काळा होतो. पोरांना हे नवीन वाटतं, पण त्यांच्या आज्यांना माहीत असतं. लोखंडी कढईत आवळा भिजवून केस काळे करणारी बाई आणि हिरडा व हिराकस वापरून शाई करणारा जुना कारकून याच रसायनावर विसंबून होते. बाभळीच्या आणि तरवडाच्या सालीने कातडं कमावणारा चांभारही. कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाला टॅनिन घट्ट बांधून टाकतं, म्हणून ते कुजत नाही.

प्रथिन समोर आलं की धरायचं, धातू आला की धरायचा. हा स्वभाव लक्षात ठेवला की प्रयोगशाळेतल्या बशीत काय होतं ते समजायला अवघड नाही.

कर्करोगाच्या पेशी प्लॅस्टिकच्या बशीत, पोषक द्रावात वाढवतात. त्यात सालीचा अर्क टाकतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किती पेशी जिवंत आहेत ते मोजतात. टॅनिनचा अर्क टाकला की तो पेशीच्या आवरणातल्या प्रथिनांना धरतो, द्रावातल्या पोषक प्रथिनांना धरतो, पेशीला लागणारं लोह धरून ठेवतो. शिवाय अशी द्रव्यं त्या पोषक द्रावात हवेशी संयोग पावून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, हे २००० साली हॅलिवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. म्हणजे कित्येकदा पेशी मरतात त्या बशीतच तयार झालेल्या पेरॉक्साइडने. माणसाच्या रक्तात तो तसा तयार होत नाही. जिवंत पेशी मोजायला आपल्याकडे सर्रास एमटीटी नावाची रंगाची चाचणी वापरतात, आणि टॅनिनसारखी द्रव्यं त्या रंगद्रव्याशी परस्पर क्रिया करून आकडेच बिघडवतात. एंझाइमवरच्या, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांवरच्या चाचण्यांत तर टॅनिन जवळजवळ कुठलंही एंझाइम बंद पाडतं. गवतातून जाणाऱ्या प्रत्येकाच्या धोतराला कुसळं लागतात, म्हणून कुसळांनी चोर पकडला असं कोणी म्हणत नाही. औषध म्हणायचं तर त्या रेणूने शेकडो प्रथिनांतून नेमकं एक निवडलं पाहिजे आणि बाकीच्यांना सोडलं पाहिजे.

यात मात्रेचाही प्रश्न आहे. वनस्पतीचा कच्चा अर्क दर मिलिलिटरला ३० मायक्रोग्रॅमच्या आत परिणाम दाखवत असेल तरच पुढे जाण्यात अर्थ आहे, असा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा जुना दंडक. आमच्याकडे २०० आणि ५०० मायक्रोग्रॅमवर पेशी मेल्या तरी निष्कर्षात ‘कर्करोगरोधक गुणधर्म सिद्ध’ असं लिहून मोकळे होतात. त्या मात्रेला चहाही पेशी मारेल. शेजारी निरोगी पेशींची बशी ठेवून त्या जगल्या की मेल्या हे पाहायचं तर अनेकदा राहूनच जातं.

ही सगळी चर्चा मी परदेशातून उसनी आणतोय असं कोणाला वाटत असेल, तर नंदुरबारकडे बघावं. डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले आणि १९६२ पासून नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. ज्यांच्यातून कर्करोगावरची औषधं आली अशी झाडांतली दोन मोठी द्रव्यं या जोडीच्या नावावर आहेत: कॅम्प्टोथेसिन आणि टॅक्सॉल. आज जगभरात अंडाशयाच्या आणि स्तनाच्या कर्करोगासाठी जे टॅक्सॉल शिरेतून देतात, त्याच्या रेणूची रचना १९७१ साली वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. खान्देशाने या माणसाला जितकं डोक्यावर घ्यायला हवं होतं तितकं घेतलं नाही, हे दुःख वेगळंच.

पण मला इथे सांगायची आहे ती त्यांच्या प्रयोगशाळेची दुसरी बाजू. हजारो झाडांचे अर्क त्या काळात तपासले जात होते आणि त्यातले पुष्कळ अर्क चाचणीत ‘सक्रिय’ निघत होते ते निव्वळ टॅनिनमुळे. तेव्हा वॉल यांच्या गटाने १९६९ साली अर्कातून टॅनिन वेगळं काढण्याची सोपी पद्धत छापली. पुढे १९९६ साली वॉल आणि वाणी यांनी सहकाऱ्यांसह पुन्हा एक निबंध लिहिला: एंझाइमच्या चाचण्यांत टॅनिनमुळे कशी दिशाभूल होते आणि ते आधी कसं काढून टाकावं. टॅनिन काढल्यावरही ज्या अर्काचा परिणाम टिकतो, त्याच्याच मागे लागायचं, अशी ही शिस्त. नंदुरबारच्या माणसाने ज्या गोष्टीला चाळणीतून बाजूला काढायला शिकवलं, तिलाच आपण शोध म्हणून मथळ्यात मिरवतो आहोत. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

टॅक्सॉल ज्या झाडाच्या सालीतून मिळालं ती साल गोळा झाली १९६२ साली आणि औषधाला मान्यता मिळाली १९९२ साली. मध्ये तीस वर्षं गेली. कॅम्प्टोथेसिनची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १९७० च्या दशकात ते माणसांना देऊन पाहिलं तेव्हा मूत्राशयाला इतकी इजा झाली की चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्यात बदल करून केलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या औषधांना अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात आहे. म्हणून नरक्याचा काढा पिणारा माणूस कर्करोगावरचं औषध घेतो आहे असं नाही. अमेरिकेत थांबवलेली चाचणी तो स्वतःवर करतो आहे. अंगणातल्या सदाफुलीचंही तेच. तिच्यातून मिळणारं व्हिंक्रिस्टीन हे कर्करोगावरचं औषध एका वेळी साधारण २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, इतकं ते जहाल. आणि ही तिन्ही द्रव्यं टॅनिन नाहीत. तेव्हा ‘सदाफुलीतून औषध निघालं मग अर्जुनातून का नाही’ हा प्रश्न ऐकायला बरोबर वाटतो, पण तो दोन वेगळ्या जातींच्या रेणूंना एका दावणीला बांधतो.

टॅनिनवर संशोधनच करू नये असं मी म्हणत नाही. उलट त्यातला खरा रस कुठे आहे ते सांगतो. डाळिंबातलं प्युनिकॅलाजिन हे टॅनिन रक्तात जवळजवळ उतरतच नाही. आतड्यातले जिवाणू त्याचे तुकडे करून युरोलिथिन नावाची लहान द्रव्यं तयार करतात आणि ती शरीरात जातात. सगळ्यांच्या पोटात हे जिवाणू नसतात, म्हणून एकच डाळिंब दोन माणसांत वेगवेगळं वागतं. साक्री-सटाण्याकडे डाळिंबाचे मळे आहेत, जळगावला विद्यापीठ आहे. इथल्या माणसांच्या आतड्यांत युरोलिथिन किती तयार होतं यावर काम करायला कोणी अडवलेलं नाही.

पण माणसांवरच्या चाचणीत काय झालं तेही ऐका. २००६ साली अमेरिकेत प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपचार होऊन पुन्हा पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं, रोग परतल्याची शंका दाखवणारं प्रथिन) वाढू लागलेल्या पुरुषांना रोज डाळिंबाचा रस दिला. पीएसए दुप्पट व्हायला आधी सरासरी १५ महिने लागत होते, ते ५४ महिन्यांवर गेलं. केवढी मोठी बातमी! तुलनेला मात्र दुसरा गट नव्हता. त्याच डॉक्टरांनी पुढे काहींना नुसतं चवीपुरतं बनवलेलं पेय देऊन चाचणी केली आणि २०१५ मध्ये निकाल छापला: गटागटांत दखल घेण्याजोगा फरक नाही. स्वतःचाच गाजलेला निकाल पुन्हा तपासून तो टिकला नाही असं छापणाऱ्या त्या डॉक्टरांबद्दल मला फार आदर आहे. आपल्याकडे पहिली बातमी पोचली. दुसरी कोणी पुढे ढकलली नाही.

आता या सगळ्याचा फटका कोणाला बसतो ते सांगतो. आमच्या ओळखीतले एक आप्पा, कापसाची शेती करणारे. गालात चट्टा आला, तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला. गाठ लहान होती, शस्त्रक्रियेने निघाली असती. ‘कापाकापी कराना आगुदर हाई करी देखूत,’ असं म्हणत घरच्यांनी सालीची पूड सुरू केली. त्यांच्या मोबाइलवर कात्रण होतं, त्यात महाविद्यालयाचं नाव होतं, प्राध्यापकाचा फोटो होता. अडाणीपणा म्हणून हे सोडून देता येणार नाही. त्यांनी शिकलेल्या माणसांवर विश्वास ठेवला होता. पावसाळा त्या पुडीत गेला. नंतर मुंबईला नेलं तोवर रोगाने जबडा धरला होता.

मुंबईला जाणं म्हणजे काय हे खान्देशात सांगावं लागत नाही. रात्रीची गाडी, परळला टाटा रुग्णालयात केसपेपर, जागा मिळाली तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, नाहीतर फुटपाथ. महात्मा फुले योजनेत उपचाराचा खर्च निघतो, पण मागे राहिलेल्या शेताचा, बुडालेल्या मजुरीचा निघत नाही. अशा माणसाला कोणी सांगितलं की तुझ्या बांधावरच्या झाडात औषध आहे, तर तो ऐकणारच. त्याच्या जागी मी असतो तर मीही ऐकलं असतं. म्हणूनच सांगणाऱ्याने दहादा विचार केला पाहिजे.

‘उपचारासोबत घेतलं तर काय बिघडलं?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. बिघडतं. ग्रीन टीमधली कॅटेचिन ही टॅनिनची जवळची भावंडं. रक्ताच्या कर्करोगावर बोर्टेझोमिब नावाचं औषध देतात. ही कॅटेचिनं त्या औषधालाच पकडून निकामी करतात, असं २००९ साली उंदरांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगात दिसलं. संशोधक खरं तर मदत होईल या आशेने पाहायला गेले होते. केमो घेणाऱ्याचं रक्त आधीच कमी असतं, तुरट काढा जेवणासोबत घेतला की अन्नातलं लोह पोटातच अडकतं. यकृताचं तर उदाहरण जुनं आहे. भाजलेल्या जखमांवर १९२५ पासून टॅनिक आम्ल लावत, ते यकृताला इजा होते म्हणून १९४० च्या दशकात मागे पडलं. एक्स-रेसाठी द्यायच्या बेरियमच्या एनिमात ते घालत, त्यातून मृत्यू झाले आणि अमेरिकेने १९६४ साली ते बंद केलं. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांतून त्यातलं मुख्य कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं तर यकृताला धोका संभवतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. कपभर चहाने यातलं काही होत नाही. चिमटीभर त्रिफळ्यानेही नाही. पण ‘कर्करोग जावा’ म्हणून घेणारा माणूस चिमटीवर थांबत नाही.

यावर कोणी म्हणेल, आमच्या वैदूंचं ज्ञान तुम्ही मोडीत काढता. नाही. तुरट साली त्यांनी कशासाठी वापरल्या ते पाहा. जुलाब, दातांच्या हिरड्यांतून येणारं रक्त, तोंड येणं, चिघळलेली जखम. जिथे टॅनिन थेट लागतं, रक्तात उतरायची गरज नाही, नेमकं तिथेच. दक्षिण अमेरिकेतल्या एका क्रोटॉन झाडाच्या चिकातलं क्रोफेलेमर हे टॅनिनच्या घराण्यातलं औषध अमेरिकेत २०१२ साली मंजूर झालं. एचआयव्हीच्या रुग्णांच्या जुलाबावर ते चालतं आणि आतड्यातून रक्तात फारसं जातही नाही. वैदूच्या वापराला आधुनिक चाचणीने दिलेली ही जवळजवळ पावतीच. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा जाणकारांचं ज्ञान जपायचं असेल तर त्यांनी जे सांगितलं ते नोंदवा आणि तपासा. त्यांनी जे सांगितलंच नाही, ते त्यांच्या नावावर खपवू नका.

आणि टॅनिन व कर्करोग यांचं खान्देशातलं सर्वांत ठळक नातं तर टपरीवर लटकतंय. सुपारीत आणि कातात टॅनिनं भरपूर असतात. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आत कोलॅजेन जास्त तयार होतं आणि सुपारीतली टॅनिनं व कॅटेचिनं ते कोलॅजेन पक्कं बांधतात, शरीराला ते मोडता येत नाही. चांभाराच्या कुंडात कातड्याचं जे होतं ते इथे जिवंत गालात होतं. तोंड उघडेनासं होतं, दोन बोटंही आत जात नाहीत, आणि त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. तंबाखू नसली तरी नुसती सुपारी माणसाला कर्करोग करते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलं. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. खान्देशाच्या एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश. बंदी कागदावर किती आणि टपरीवर किती, ते प्रत्येक गावाला माहीत आहे. सालीत कर्करोगाचं औषध शोधणाऱ्या आपण सर्वांनी याच टपरीसमोरून रोज जायचं आणि गप्प बसायचं, हे मला पटत नाही.

मग करायचं काय? विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी एक नियम करावा: टॅनिन काढून टाकल्यावर, पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज घालून आणि शेजारी निरोगी पेशी ठेवून पुन्हा चाचणी केल्याशिवाय प्रबंधाच्या शीर्षकात ‘कर्करोगरोधक’ हा शब्द येणार नाही. याला काही कोट्यवधींची यंत्रं लागत नाहीत. टॅनिन अडवणारी पॉलिअमाइडची भुकटी साध्या प्रयोगशाळेला परवडते. चाचणीत अर्क नापास झाला तर तोही प्रबंध मान्य व्हावा, पोरांची वर्षं वाया गेली असं कोणी म्हणू नये. बशीतल्या निकालाची बातमी संस्थेने पेपरकडे पाठवू नये. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने बंदी आहे. बाजारात सालीच्या पुड्यांवर तसं छापून विकणाऱ्यांवर तो कायदा लावा. कारवाई होत नसेल तर निदान आमच्या संशोधनाचं कात्रण त्यांच्या स्टॉलवर लॅमिनेट करून लावलेलं दिसू नये, एवढं तरी आमच्या हातात आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनाही विनंती आहे की काढा घेता का, पूड घेता का, हे पेशंटला न रागावता विचारा. रागावलं की तो लपवतो, आणि लपवलेला काढा केमोसोबत पोटात जातो.

उरलेला पैसा आणि मनुष्यबळ तोंडाच्या तपासणीत घाला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली, तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. २००५ साली छापलेला हा अभ्यास आपल्याच देशातला आहे. तीस वर्षांवरच्या सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आधीच लिहिलेली आहे. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, जामनेर, कुठल्याही आठवडे बाजाराच्या दिवशी उपकेंद्राबाहेर एक खुर्ची, एक बॅटरी आणि तोंडात बघायला शिकलेली एक नर्स बसवायची, पंधरा दिवस न जाणारा पांढरा-लाल चट्टा दिसला की त्या माणसाला त्याच आठवड्यात तुकड्याच्या तपासणीला पाठवायचं, आणि तो खरंच पोचला का हे आशाताईने पुढच्या बाजाराला विचारायचं.